उजव्या हाताचा वाटा

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डाव्या हाताने जेवणं मान्य नव्हतं. नैवेद्य दाखवायचा, प्रसाद घ्यायचा, कुणाला काही द्यायचं ते उजव्या हाताने, आणि घासही त्याच हाताने, ही शिकवण अंगात मुरलेली. संक्रांतीच्या आदल्या पहाटे त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बारा दिवसांनी ते रुग्णालयातून ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी परत आले, तेव्हा त्यांना कोण जेवू घालणार हे कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. आई ताट घेऊन शेजारी बसली, वरणभात कालवला आणि भरवू लागली. पुढचे चार महिने ती दोन्ही वेळा भरवत राहिली.

मी फिजिओथेरपिस्ट. तेव्हा या कामात मला अठरा वर्षं झाली होती. लश्कर, मुरार आणि जुनं ग्वाल्हेर या तिन्ही भागांतल्या घराघरांत जाऊन मी लोकांना सांगत आले होते की, माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आणि माझ्याच घरात आई नानांच्या ओठांना लागलेलं वरण पदराने टिपायची, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पन्नास वर्षांचा संसार होता तो. त्यात मी काय बोलणार?

चौथ्या महिन्यात नाना काठी टेकत जिना उतरले आणि महाराज बाड्यापर्यंत चालत जाऊन आले. घरात पेढे वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चला, नाना बरे झाले." त्या दिवशीचा फोटो आमच्याकडे आहे. सगळे हसताहेत, नानाही. उजवा हात मांडीवर पडलेला, कोपरात वाकलेला, बोटं तळव्यात मिटलेली. फोटो काढताना कुणीतरी तो शालीखाली झाकला होता. शाल घसरली म्हणून तो दिसतो.

ही पुस्तिका त्या हाताविषयी आहे.

पक्षाघाताविषयी मराठीत थोडंफार लिहिलं गेलं आहे. लक्षणं कशी ओळखावीत, रक्तदाब कसा सांभाळावा, मीठ किती खावं हे वाचायला मिळतं. चेहरा वाकडा झाला, एक हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं की घड्याळ पाहायचं आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, हेही आता बऱ्याच जणांना माहीत आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ती धावपळ. तिचं महत्त्व मी कमी करणार नाही. पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार गाठू शकतो, असा २०१८ साली प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज आहे. पण रुग्णालयातून घरी आल्यावर जे सुरू होतं, त्याविषयी आपल्या भाषेत शांतता आहे. त्यातही पायाविषयी दोन शब्द सापडतात, हाताविषयी सापडत नाहीत.

आधी शब्दांकडे पाहू. आपण म्हणतो अंगावरून वारं गेलं. वैद्य म्हणतात अर्धांगवायू. ग्वाल्हेरात हिंदीत लकवा. भिंड, मुरैना, दतियाहून माझ्याकडे येणारी माणसं म्हणतात, "दीदी, हवा लग गई है, सिकाई कर दीजिए." शब्द जुने आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मात्र वारं म्हटलं की मन आपोआप हाताकडे जातं. वारं हातात शिरलं, तर ते हातातून काढायचं. मग मोहरीच्या तेलाची मालिश, गरम वाळूची पुरचुंडी, करंटचं मशीन. पुष्कळ घरं राजस्थानातल्या बुटाटी धामला जाऊन येतात, सात दिवस राहून परिक्रमा करतात. श्रद्धेने केलेल्या त्या सात दिवसांत माणूस रोज चालतो, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं. पण रोग हातात नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं. हाताची हाडं शाबूत आहेत, स्नायू शाबूत आहेत, मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या शिराही शाबूत आहेत. बिघाड मेंदूत झालेला आहे. हाताला हुकूम पाठवणारं कार्यालय जळालं आहे, आणि आपण टपाल पोचत नाही म्हणून दाराला तेल लावत बसलो आहोत.

मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर हालचालींचा एक पट्टा आहे. मॉन्ट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतस्पर्श करून त्याचा नकाशा काढला. त्यांचा तो शोधनिबंध १९३७ चा. त्या नकाशात आख्ख्या धडाला जेवढी जागा आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त एकट्या हाताच्या पंजाला आहे. तिथून निघणारे तंतू खाली येतात, मेंदूच्या बुडाशी त्यांतले बहुतेक बाजू बदलतात आणि पाठीच्या कण्यात उतरतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात जातो, आणि पुष्कळदा त्याबरोबर भाषाही, कारण बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला वसते. नानांचे शब्दही अडखळत होते.

मेंदूतली जी रक्तवाहिनी सगळ्यांत जास्त वेळा तुंबते, ती मधली धमनी, हाताच्या आणि चेहऱ्याच्या जागेला रक्त पुरवते. पायाची जागा आतल्या घडीत आहे आणि तिला वेगळी धमनी आहे. म्हणजे घाव मुळातच हातावर जास्त बसतो. शिवाय हाताचं काम नाजूक. पाय अंग पेलण्यापुरता ताठ राहिला तरी माणूस चार पावलं टाकू शकतो. बोटांना गुंडी लावायची असेल तर प्रत्येक बोटाला वेगळा हुकूम लागतो.

हात परत येतो तो कोणत्या क्रमाने, हे १९५१ साली बोस्टनच्या थॉमस ट्विचेल यांनी १२१ रुग्णांवरून नोंदवलं. सुरुवातीला हात लुळा असतो. मग त्यात ताठपणा येतो. मग हालचाल येते, पण एकगठ्ठा: खांदा उचलायला जावं तर कोपर वाकतं, मनगट वाकतं, मूठ आवळली जाते. त्यानंतर या गठ्ठ्यातून एकेक हालचाल सुटी होऊ लागते, खांद्याकडून बोटांकडे. बोटं उघडणं फार उशिरा. सगळेच रुग्ण शेवटापर्यंत जात नाहीत. कुणी मधल्याच पायरीवर थांबतात. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी याच प्रवासाचे सहा टप्पे पाडले, आणि आजही फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला ते पाठ असतात. घरच्यांना टप्पे पाठ असण्याची गरज नाही. एवढं लक्षात असलं तरी पुरे की, मूठ आवळणं आपोआप येतं आणि मूठ उघडणं कमवावं लागतं.

म्हणून तो मऊ चेंडू. प्रत्येक घरात तो असतो, बहुधा पिवळा, हसऱ्या चेहऱ्याचा. कुणी प्रेमाने आणून देतं आणि सांगतं, दिवसभर दाबत बसा. ज्याची मूठ आधीच आवळून बसली आहे त्याला आणखी आवळायला सांगून काय साधणार? चेंडू पकडायचा असेल तर तो सोडण्यासाठी पकडा. हातातली वस्तू टोपलीत सोडता येणं हा खरा पल्ला आहे.

आता पेढ्यांच्या दिवसाकडे परत येते. पाय सुधारला आणि हात मागे राहिला याचं अर्धं कारण मेंदूत आहे. उरलेलं घरात आहे. पायाला पर्याय नसतो. मोरीपर्यंत जायचं तर दोन्ही पाय लागतात, त्यामुळे आजारी पाय नाइलाजाने दिवसातून दहा वेळा कामाला लागतो. हाताला पर्याय असतो, दुसरा हात. आणि दुसरा हात दमला तर बायको आहे, सून आहे, मुलगा आहे. आजारी हाताला दिवसभरात एकदाही कुणी बोलावत नाही. अमेरिकेतले एडवर्ड टॉब यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हेच पाहिलं. एका हाताची संवेदना गेली की माकड तो वापरायचं सोडून देतं. पहिले काही प्रयत्न फसतात, आणि न वापरण्याचीच सवय लागते. चांगला हात बांधून ठेवला की तेच माकड आजारी हाताने खाणं उचलू लागतं. तो हात हलू शकत होता, त्याला हलवायची वेळच आली नव्हती.

यातून एक उपचार निघाला. चांगल्या हाताला मोजा घालायचा आणि आजारी हाताकडून कामं करून घ्यायची. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेली ही माणसं होती. दोन आठवडे, रोज सहा तासांपर्यंत सराव, जागेपणाचा नव्वद टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा त्यांचा हात स्पष्टपणे जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. पण मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळवता येतात, त्यांच्यासाठीच हा उपचार आहे. ज्याचा हात पूर्ण लुळा आहे किंवा ज्याचा तोल जातो, त्याचा चांगला हात बांधणं क्रूरपणाचं आणि धोक्याचं. घरच्या घरी कुणी हे करू नये. त्यातलं तत्त्व मात्र प्रत्येक घरात नेता येतं: आजारी हाताला रोज बोलावणं गेलं पाहिजे.

किती वेळा? अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत उपचार चालू असताना शेजारी बसून मोजदाद करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एका बैठकीत हाताची कामाची हालचाल सरासरी ३२ वेळा झाली होती. प्राण्यांच्या मेंदूत नव्या जोडण्या दिसतात तेव्हा त्यांनी दिवसाला काहीशे वेळा तेच काम केलेलं असतं. हा आकडा पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी माझ्याच बैठका मोजल्या होत्या. त्या ३२ च्या पुढे फारशा जात नव्हत्या. येणं, बसणं, रक्तदाब, गप्पा, थोडी सिकाई, खांदा हलवून देणं, आणि वेळ संपली.

ग्वाल्हेरला हे समजावून सांगायला वेगळे शब्द लागत नाहीत. हे गाणाऱ्यांचं गाव आहे. कृष्णराव शंकर पंडितांचं घर इथलं, हाफिज अली खाँसाहेबांचं सरोदघर इथलं, १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधवराव शिंद्यांनी काढलेलं संगीत विद्यालय इथलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले. एक पलटा हजार वेळा घोटल्याशिवाय तो गळ्यात बसत नाही, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. आधी विलंबित, मग लय वाढवायची. चुकीचा घोटला तर चुकीचाच पक्का होतो. हाताचंही नेमकं असंच आहे. खांदा कानाकडे उचलून, अंग वाकवून कसाबसा पेला उचलायची सवय लावली, तर ती वाकडी सवयच कायमची होते. म्हणून कमी वजन, कमी अंतर, संथ लय आणि पुष्कळ आवर्तनं.

नाना एजी ऑफिसातून निवृत्त झालेले, हिशेबाचा माणूस. पण जीव पेटीत. दर गुरुवारी घरी भजन असायचं आणि पेटीवर ते. त्या वर्षी पेटी कपाटावर गेली होती. जूनमध्ये माझ्या मुलीने ती खाली काढली आणि त्यांच्यासमोर उलटी ठेवली, भाता त्यांच्याकडे, पट्ट्या तिच्याकडे. "आजोबा, तुम्ही भाता मारा, मी वाजवते." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला हे सुचलं नव्हतं, बारा वर्षांच्या मुलीला सुचलं. भाता पुढे ढकलायचा म्हणजे कोपर सरळ, मनगट मागे, तळवा उघडा. मिटलेल्या हाताला जे जड जातं ते सगळं त्या एका हालचालीत. सुरुवातीला मी त्यांच्या तळव्यावर माझा तळवा ठेवून ढकलत होते. सूर फुटायचा, तुटायचा. नाना मान हलवायचे, नाही, असं नाही. एका अभंगाला साठ-सत्तर वेळा भाता लागतो. गुरुवारचा एक अभंग रोजचे चार झाले.

त्याच आठवड्यात मी आईशी बोलले. तिला म्हटलं, "आई, तू भरवतेस तो घास त्यांच्या हाताचा आहे." ती रागावली. मग रडली. मग म्हणाली, "ह्यांचं सांडेल सगळं." सांडलं. जाड दांड्याचा चमचा केला, दांड्याला कापड गुंडाळून. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. पहिले पाच घास नानांचे, उरलेले आईचे. महिन्याभराने दहा. आईचा भरवण्याचा हक्क मी पूर्ण काढून घेतला नाही, आणि ते बरोबर केलं असं मला वाटतं.

नानांनी एक वही केली. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, पण रकाने पट्टीने आखलेले: तारीख, भाता, घास, फडकं पिळणं, मटार, शेरा. ग्वाल्हेरात हिवाळ्यात मटार पोत्याने येतो. एका हाताने शेंग धरायची, दुसऱ्याने दाणे काढायचे. आजारी हात आधी नुसता शेंगांच्या टोपलीचा काठ धरून राही. तेही काम आहे. कणकेचा गोळा दाबणं, पोळीचं लाटणं दोन्ही तळव्यांनी फिरवणं, डब्याचं झाकण धरणं, वर्तमानपत्राची घडी, माळेचे मणी: आपल्या घरात यंत्रशाळा मांडून ठेवलेली आहे. एरवी पुरुषांना स्वयंपाकघरात बोलावलं जात नाही, एवढीच अडचण. या आजारात तरी बोलवा.

या ठिकाणी एका बाईंचं नाव घेतलं पाहिजे. रोजच्या कामातूनच हात आणि मन सावरायचं, या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. भारतात त्याची पहिली शाळा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली निघाली, ती कमलाबाई निंबकरांनी काढली. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नाने मराठी झाल्या आणि इथेच राहिल्या. मी परळलाच शिकले. फिजिओथेरपीच्या आम्हा मुली व्यवसायोपचाराच्या खोलीतल्या हातमागाकडे आणि पाटीपेन्सिलीकडे थोड्या वरून पाहायचो. आमच्याकडे मशिनं होती. नानांच्या पेटीने मला त्या खोलीत परत नेलं.

यंत्रांविषयी लोक फार विचारतात. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रास आयआयटी यांनी मिळून हाताच्या सरावाचा 'प्लूटो' नावाचा छोटा रोबो केला आहे, आणि असं काम आपल्या देशात होतंय याचा मला अभिमान आहे. रोबो न कंटाळता आवर्तनं करून घेतो. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोने सराव केलेल्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उपयोगी झाला नाही. यंत्रासाठी घर गहाण टाकू नका.

स्वस्तातला एक उपाय मात्र मी मनापासून सांगते, तो आरशाचा. तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या माणसांच्या भासमान वेदनांसाठी तो १९९० च्या दशकात वापरला, आणि १९९९ साली त्यांच्या गटाने पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर करून पाहिला. त्यानंतर अनेक अभ्यास झाले आणि एकत्रित निष्कर्ष त्याच्या बाजूचा आहे. टेबलावर छातीच्या मध्यरेषेत आरसा उभा करायचा. आजारी हात आरशामागे, चांगला पुढे. आरशात पाहत दोन्ही हात एकदम हलवायचे. डोळ्यांना दिसतं की आजारी हात उघडतोय, मिटतोय. ज्यांची बोटं अजून हलत नाहीत, त्यांच्याकरताही हा उपाय खुला आहे. नानांनी पहिल्यांदा केलं तेव्हा ते थांबले आणि आरशामागे वाकून पाहिलं.

काही गोष्टी निषेधाच्याच सुरात सांगायला हव्यात, कारण त्यांनी झालेलं नुकसान मी रोज पाहते. आजारी हात धरून माणसाला उठवू नका, काखेत हात घालून ओढू नका. लुळ्या खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराशिवाय लोंबत असतो. एका ओढीने तो निखळतो आणि मग दुखणं हाताच्या प्रत्येक व्यायामाला आडवं येतं. छताला कप्पी टांगून चांगल्या हाताने आजारी हात वर ओढायचा व्यायाम पुष्कळ घरांत दिसतो. तो काढून टाका. सदरा घालताना आजारी हात आधी बाहीत, काढताना शेवटी बाहेर. बसताना हाताखाली उशी, लोंबता ठेवायचा नाही. आणि ग्वाल्हेरच्या थंडीत शेगडी, गरम पाण्याची पिशवी, तापलेली वाळू त्या हातापासून दूर ठेवा. त्याला चटका कळेलच असं नाही. एका आजोबांचा तळवा सिकाईने भाजला होता आणि फोड दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता.

हात येईल का, हा प्रश्न दारातच विचारला जातो. थोडं सांगता येतं. नेदरलँड्समधल्या १८८ रुग्णांच्या अभ्यासात, २०१० सालचा तो, पहिल्या ७२ तासांत ज्यांना बोटं थोडी सरळ करता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, त्यांचा हात सहा महिन्यांत काही ना काही कामाचा होण्याची शक्यता ९८ टक्के दिसली. ज्यांना दोन्ही जमलं नाही, त्यांची २५ टक्के. बोटांची ती हलकी थरथर म्हणून महत्त्वाची. ती दिसली तर डॉक्टरांना सांगा. आणि पंचवीस टक्के म्हणजे शून्य नव्हे.

"सहा महिन्यांत येईल ते येईल, पुढे काही नाही," हे वाक्य नानांच्या बाबतीत आम्हालाही ऐकवलं गेलं. सुधारणेचा मोठा वेग पहिल्या तीनेक महिन्यांत असतो, हे खरं. म्हणूनच ते चार महिने मला आजही सलतात. पण दार सहाव्या महिन्याला बंद होत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत नव्वद तासांचा हाताचा सराव दिला जातो. तिथल्या २२४ रुग्णांचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यांतल्या निम्म्यांच्या पक्षाघाताला दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटला होता, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा सुधारणा टिकलेली होती.

एक गोष्ट मी वाचकांपासून लपवणार नाही. घरच्यांना शिकवून हा सगळा भार त्यांच्यावर टाकता येईल का, हे आपल्याच देशात तपासलं गेलं आहे. १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण, निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेटमध्ये. घरच्यांना प्रशिक्षण दिलेला गट आणि न दिलेला गट, सहा महिन्यांनी दोन्हीकडे मृत्यू किंवा परावलंबन ४७ टक्केच. हे वाचून मी काही दिवस या पुस्तिकेचं काम थांबवलं होतं. मग वाटलं, यातून घराचं काम निरुपयोगी ठरत नाही; जाणकार माणसाची जागा घर घेऊ शकत नाही, एवढं ठरतं. पुस्तिका वाचून उपचार थांबवू नका. १९४६ साली स्थापन झालेलं गजराराजा मेडिकल कॉलेज आणि त्याचं जयारोग्य रुग्णालय आपल्या शहरात आहे. सगळ्या चंबळ खोऱ्यातून माणसं तिथे येतात. तिथल्या किंवा जवळच्या तज्ज्ञाला हात दाखवा, महिन्याकाठी का होईना, पुन्हा दाखवा, आणि मधल्या एकोणतीस दिवसांसाठी ही पुस्तिका हाताशी ठेवा. ताठपणा फार वाढला तर त्याची इंजेक्शनं आहेत, तो निर्णय त्यांचा.

आणि काही हात येत नाहीत. हे लिहिताना जड जातं. लुई पाश्चर यांना १८६८ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात झाला. डावी बाजू कायमची अधू राहिली. प्रयोगशाळेतलं हाताचं काम पुष्कळसं सहकारी करत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस त्यानंतरची, १८८५ ची. तुमच्या घरातला हात आला नाही तर तो स्वच्छ ठेवा, बोटं रोज हळूच उघडून कोरडी करा, नखं कापा, दुखू देऊ नका, जेवताना टेबलावर समोर घ्या. तो शालीखाली झाकू नका.

नानांना पहिल्या नोव्हेंबरात निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यावर अंगठा उठवावा लागला. उभ्या आयुष्यात हजारो कागदांवर सही केलेला माणूस. शाईचा अंगठा पुसायला मी रुमाल दिला, तो त्यांनी घेतला नाही. त्या रात्री वहीत नवा रकाना आखला गेला: सही. पुढच्या नोव्हेंबरात, म्हणजे बावीस महिन्यांनी, त्यांनी उजव्या हाताने नाव लिहिलं. अक्षर ओळखू येण्याजोगं होतं, पहिलं अक्षर रेघेच्या बरंच वर. पेटीच्या पट्ट्यांवर बोटं पूर्वीसारखी फिरली नाहीत, शेवटपर्यंत नाही. भाता मात्र त्यांचाच राहिला.

या पुस्तिकेच्या शेवटी सोळा पानं कोरी सोडली आहेत, नानांच्या वहीसारखे रकाने आखून. पहिला रकाना तारखेचा आहे, दुसरा तुमच्या घरातल्या कामाचा. तिथे काय लिहायचं ते ज्याचा हात आहे त्याला विचारा. पुस्तिका कपाटात ठेवू नका, जेवायच्या जागेजवळ ठेवा, आणि आजच्या रात्रीच्या पहिल्या घासापासून मोजायला लागा.

लश्कर, ग्वाल्हेर
मकरसंक्रांत